घाम की गळती

सकाळी बंबाखाली पाणी.
फार नाही, चहाच्या बशीएवढं.
पण आमच्या भद्रावती पेठेत नळ पाचव्या दिवशी येतो,
इथं बशीचाही हिशोब ठेवावा लागतो.
सत्यम्मा म्हणाली, तोटी गेली.
मी तोटीला सुतळी गुंडाळली, वर सफेदा फासला.
दुसऱ्या दिवशी बशीची ताटली झाली.

मग विजापूर वेशीतून दस्तगीर मिस्त्रींना आणलं,
रिक्षानं, कारण गुडघे.
सोबत स्टो, एक पिशवी,
आणि नातू, जो आता त्यांच्या डोळ्यांचं काम करतो.

बंबाला हात लावायच्या आधी विचारलं,
पेटवल्यावर गळतो, का विझल्यावर?
गळतो, मी म्हणालो.
"तसं नाही ओ.
गार पाण्याचा बंब पेटवला की आतली नळी घामेजते.
राखेत थेंब पडतात, चर्र वाजतं,
लोक घाबरून मला बोलावतात.
पाणी कोमट झालं की आपोआप थांबतं.
तो घाम. घामाला डाग देत नसतात."

विझल्यावर, सत्यम्मा म्हणाली. रात्रभर.

पाच कळश्या ओतल्या. तिनं प्रत्येक मोजली.
मिस्त्रींनी चाळलेली राख फडक्यानं
बाहेरून, बुडाला, जाळीच्या कडेला, सगळीकडं चोळली,
आणि म्हणाले, आता बसायचं.
बसलो.
सत्यम्मानं छाटातली एक बिडी दिली त्यांना,
कारखान्यानं परत केलेली, वाकडी.
त्यांनी ती कानामागं ठेवली.

नातू ओरडला, दादा, काळी झाली!
तोटीपाशी नाही.
आत, जिथं नळी बुडाला जोडलेली असते तिथं
राख आधी काळवंडली,
मग एक ओली रेघ बुडावरून हळूहळू चालत तोटीपर्यंत गेली
आणि तिथं थेंब झाली.
"गळतं एकीकडं, पडतं दुसरीकडं,"
मिस्त्री म्हणाले,
"नाहीतर माझं पोट कशावर भरलं असतं?"

बंब रिकामा केला, आडवा केला.
आतून क्षाराचे पापुद्रे निघाले, पुठ्ठ्यासारखे जाड.
मिस्त्रींनी नळीतून हात घातला, कोपरापर्यंत,
आणि बराच वेळ काढला नाही.
"जुन्या डागाचा मणी झालाय हितं. वितळून.
पाणी असल्यावर कथील वितळत नाही.
कोरडा पेटवलाय ह्याला कुणीतरी."

सत्यम्मानं सुपातली पानं उगीच खालीवर केली.

चार माग गेल्या दिवाळीत भंगारात गेले.
किलोवर.
तरी साडेचारला जाग येतेच मला.
त्या पहाटे उठलो, ढलप्या घातल्या, पेटवलं,
आणि समोर बसून राहिलो,
पाळीला जायची अंघोळ करायची म्हणून.
पाळी नव्हती.
बंबात पाणी नव्हतं.
वास आला तेव्हा घाईनं अख्खी कळशी ओतली,
तेव्हा तांबं जे किंचाळलं
ते घरात कुणी ऐकलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

मी पेटवला, म्हणालो.
"होतं," मिस्त्री म्हणाले,
आणि स्टोला पंप मारायला लागले.

जस्तानं मारलेलं तेजाब. नवसागराचा पांढरा धूर.
खारीचं टोक लाल झालं, कथलाच्या कांडीला टेकलं,
आणि थेंबभर चांदणं
तांब्यावरून सांध्यात पळालं.
नातू श्वास रोखून. मी पण.
खाली वर्तमानपत्र पसरून, बंब भरून ते गेले.
उद्या कागद कोरडा असला तर पैसे पाठवा.

साडेचारला उठलो.
सत्यम्मा आधीच मोरीपाशी, दिवा न लावता.
कागद तिनं घडी घालून ठेवला होता.
"भरलाय. मी झाकण काढून बघितलंय. पेटव."

पेटवला.
थोड्या वेळानं आत चर्र झालं.
तिनं माझं मनगट धरलं.
घाम आहे, मी म्हणालो,
आणि दुसरा हात बंबाला लावून
पाणी कोमट व्हायची वाट बघत राहिलो.